आई पत्ते बघत नाही

सिद्धेशनं पोकर शिकायला दीड वर्ष घातलं. ओहायोतल्या डब्लिनच्या थंडीत लोक तळघरात ट्रेडमिल आणून ठेवतात, यानं पोकर आणला. समोरच्याच्या श्वासावरून त्याचे पत्ते कसे ओळखावेत यावरचे व्हिडिओ बघितले. आपण चुकलो की लाल होणारं एक सॉफ्टवेअरही घेतलं. चूक दाखवायला घरात माणसं होती, पण सॉफ्टवेअर कारणही सांगायचं.

हे सगळं कधी कामाला येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण ऑगस्टमध्ये केबिनचा घोळ उघड झाला.

सिद्धेश आणि त्याचा शेजारी ईशान, दोघांनी मिळून सप्टेंबरातल्या लेबर डेच्या लाँग वीकेंडला हॉकिंग हिल्सच्या जंगलात शेजारशेजारच्या दोन केबिन भाड्यानं घ्यायचं फेब्रुवारीत ठरवलं होतं. पहिली मिळून बुक केली. दुसरी दुसऱ्यानं केली असेल, असं दोघं सहा महिने धरून चालले. आता केबिन एकच होती आणि तिच्यात बेडरूमही एकच.

"पत्त्यांवर ठरवू न बे," नागपूरचा ईशान म्हणाला. "रविवारी दुपारी तुझ्याकडे बसू. जो जिंकेल तो सांगेल कोण जाणार."

सिद्धेश इतक्या पटकन हो म्हणाला, की दुसऱ्या कुणालाही संशय आला असता. ईशान मनानं चांगला आहे.

सिद्धेशला ती केबिन हवी होती आणि तिच्यात फक्त ज्ञानदा हवी होती. निसर्ग वगैरे कारण नव्हतं. ज्ञानदाला फ्रिस्कोहून नोकरीची ऑफर आली होती. पगार उत्तम, पण टेक्सासला जायचं. लाँग वीकेंड संपला की मंगळवारी उत्तर द्यायचं होतं. जायचं की नाही, दोघांनी की एकटीनं, यावर नवराबायकोला एकदा कडकडून भांडायचं होतं. आणि सिद्धेशचे आईबाबा ग्रीन कार्डावर येऊन राहिल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, त्या घरात कुणी पूर्ण आवाजात भांडलेलं नव्हतं. ते एकाच पलंगावर बसून एकमेकांना मेसेज करायचे. फ्रिस्कोचा विषय मेसेजात मावत नव्हता.

"दोन दिवस," ज्ञानदा म्हणाली होती. "मला तुझ्यावर दोन दिवस ओरडायचंय. नंतर तू म्हणशील ते."

"मी आणतो केबिन," सिद्धेशनं शब्द दिला.

रविवारी टेबलाशी दोन्ही जोडपी मिळून चौघं बसणार होते. पण सुमित्राकाकू, म्हणजे सिद्धेशची आई, स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या.

"आम्ही काय नुसतं बघत बसायचं? अहो, या इकडे. खुर्ची घ्या."

"आई, हे तीन पत्ती नाहीये."

"पत्तेच आहेत ना?"

सिद्धेशनं नियम समजावून सांगितले. प्रत्येकाला दोन पत्ते, टेबलावर मधे पाच पत्ते सगळ्यांचे मिळून, त्यातून सगळ्यात चांगला पाचाचा संच ज्याचा तो जिंकला. पत्ते वाईट असले तर टाकून द्यायचे. काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं, आलेले दोन पत्ते पालथेच ठेवले आणि पैशांच्या जागी लावायच्या चिप्स पुढे सरकवल्या.

"आई, पत्ते बघ की."

"मी ब्लाइंड खेळणार. दिवाळीला आम्ही पहिले चार डाव ब्लाइंडच खेळायचो."

"अगं, इथे त्याचा काही फायदा नाही."

"फायद्याला कोण बसलंय?"

पहिल्या डावात सिद्धेशकडे काहीच नव्हतं. त्यानं व्हिडिओत दाखवतात तसा दगडी चेहरा केला आणि चिप्सचा डोंगर पुढे लोटला. रेणूनं, म्हणजे ईशानच्या बायकोनं, पत्ते टाकले. ईशाननं टाकले. शास्त्राप्रमाणे सगळं चाललं होतं. काकूंनी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं.

"सिद्धू, पोटात दुखतंय का रे?" म्हणाल्या, आणि तेवढ्याच चिप्स ठेवल्या. काकू राहिल्या म्हणून प्रल्हादकाकाही राहिले. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, त्यांची तीच पद्धत आहे.

पत्ते उघडले. काकूंकडे दश्शीची जोडी निघाली. सगळ्यांइतक्याच त्याही थक्क झाल्या.

असं आणखी तीनदा झालं. सिद्धेशनं हळू घाबरवून बघितलं, जोरात घाबरवून बघितलं, एकदा तर उसासाही टाकला. ब्लफ मारायला समोरच्याच्या मनात काहीतरी हिशेब असावा लागतो. इथे समोर आई होती. तिचे पत्ते ओळखावेत तर ते तिलाच माहीत नव्हते.

चहा आणायच्या निमित्तानं ज्ञानदानं त्याला आत गाठलं.

"यार, तू नेमकं काय करतोयस?"

"प्रेशर टाकतोय."

"आईंवर? मी तीन वर्षं टाकतेय."

"मग काय करू?"

"काही करू नकोस. गप्प बस. चांगले पत्ते आले तरच खेळ."

सॉफ्टवेअरचंही हेच म्हणणं होतं, फक्त त्याचे सिद्धेश महिन्याला पैसे भरायचा. समोर सगळ्याला हो म्हणणारी माणसं असली की चलाखी बंद करायची, चांगल्या पत्त्यांची वाट बघायची, आले की भरपूर लावायचं. आणि हरलो तरी चिडायचं नाही, कारण अशीच माणसं पुढे हजार डावांत आपल्याला जिंकवतात.

सिद्धेशनं मनाची तयारी केली. तासभर तो पत्ते टाकत राहिला. जो पत्ते टाकेल त्यानं वडे आणायचे, असं रेणूनं ठरवून दिलं होतं, त्यामुळे साबुदाण्याचे सगळे वडे त्यानंच आणले. मधल्या काळात काकूंनी रेणूला संपवलं, वर "अगंबाई, सॉरी हं" म्हणाल्या. मग सुनेला संपवलं. तिला सॉरी म्हणाल्या नाहीत.

"काकू, तुम्ही प्रो आहात," ईशान म्हणाला.

"म्हणजे रे काय?"

"म्हणजे पोटभर लुटता."

आणि मग सिद्धेशला दोन एक्के आले.

दीड वर्षात शिकलेलं सगळं या दोन पत्त्यांसाठी होतं. त्यानं श्वाससुद्धा बदलू दिला नाही. टेबलामागे उभ्या असलेल्या ज्ञानदाला ते दिसले आणि तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं होत्या नव्हत्या त्या सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या.

"मीही," ईशान म्हणाला. त्याला घरी मॅच बघायची होती.

"आई, या वेळी नीट विचार कर. प्लीज. पत्ते बघ आणि टाकून दे."

"बघायचे कशाला, टाकायचेच असतील तर?" काकूंनी चिप्स सरकवल्या. "तू एवढे लावलेस, मग मी उठून जाऊ? बरं दिसतं का ते?"

"तू आहेस तर मीपण," प्रल्हादकाका म्हणाले.

सिद्धेशनं मनात आकडा काढला. तिघांविरुद्ध दोन एक्के शंभरात चौसष्ट वेळा जिंकतात. उरलेल्या छत्तीस वेळांबद्दल व्हिडिओत फारसं बोलत नाहीत. टेबलावर राजा आला, सत्ती आली, चौकी आली, मग नव्वी. शेवटी दुर्री.

काकूंनी आपले दोन पत्ते उलटे केले. सत्ती आणि दुर्री. या खेळात याहून वाईट पत्ते मिळत नाहीत.

"दोन जोड्या झाल्या का रे?" त्यांनी विचारलं. "तुझी एकच आहे ना?"

सगळ्या चिप्स त्यांच्याकडे गेल्या. हजार डावांत तू नक्की जिंकशील, असं सिद्धेश स्वतःला सांगत होता. पण त्याच्याकडे मंगळवारपर्यंतचाच वेळ होता.

"आता सांगा काकू," ईशान म्हणाला, "कोण जाणार?"

काकूंनी मुलाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. "सिद्धू आणि ज्ञानदा," त्या म्हणाल्या. "दमलेत बिचारे."

ज्ञानदानं डोळे मिटले. तिला सासूच्या पाया पडावंसं वाटलं, आणि हे तिच्या बाबतीत नवीन होतं.

पण ईशानचा चेहरा पडलेला काकूंना बघवेना. "तुम्ही तरी का राहताय रे? आपण सहाही जण जाऊ. मी जिंकले म्हणजे सगळेच जिंकलो."

"आई, तसं चालत नाही," सिद्धेश घाईघाईनं म्हणाला. त्यानं फोनवर केबिनचे नियम काढले. "हे बघ. चारच्या वर माणसं अलाउड नाहीत. दंड पडतो."

त्यानं बोट ठेवून वाचूनही दाखवलं. हाही ब्लफ नव्हता. चार म्हणजे चारच.

"चार?" काकूंनी मोजलं. "मग आपण चौघंच. ईशान, तुझं पुढच्या वेळी बघू हं." त्यांनी ईशानच्या ताटात आणखी एक वडा ठेवला. "मी भाजणी बरोबर घेते. तुम्हा दोघांना तिथे काही करावं लागू नये."

सिद्धेशनं ज्ञानदाकडे बघितलं. ती फोनवर केबिनचे फोटो पुढे सरकवत होती.

"बेडरूम आपल्याला लागेल," प्रल्हादकाका काकूंना म्हणाले. "माझे गुडघे. आणि दार जरा उघडं ठेवू, मला बंद खोलीत झोप येत नाही. ज्ञानदा, तुम्हाला झोपायला हॉलमधला सोफा उघडतो का गं?"

ज्ञानदानं फोटो मोठा करून बघितला.

"उघडतो, बाबा," ती म्हणाली. "दाराच्या समोरच आहे."