माझ्यावर उमटलेला ओठ

जरा खाली बघाल का? अजून खाली, अगदी बुटांपाशी. हां, इथंच. मी निळी मॅट बोलतेय. कुस्तीच्या खोलीत भिंतीला लागून पडलेली, कडेला फाटलेली, मधोमध लाल डाग असलेली. त्या डागाला नाक मुरडू नका. त्याच्याचसाठी तर मी तोंड उघडलंय.

मी जन्माची उताणी. त्यामुळे माणसं मला नेहमी खालूनच दिसली: आधी तळपाय, मग गुडघे, मग हनुवटी. चेहरा जवळून दिसायचा तो कुणी पडलं तरच. म्हणून माझं माणसांबद्दलचं मत तुमच्यापेक्षा वेगळं असेल, तर राग मानू नका.

आम्ही नऊ बहिणी. कारखान्यातून एकाच गाडीत बसून अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या या डोंगराळ गावच्या लहानशा कॉलेजात आलो. कडेच्या चिकटपट्ट्यांनी एकमेकींना धरलं की आमचं एक मोठं निळं अंगण व्हायचं. मी पाचवी, बरोबर मधली. कॉलेजनं आम्हाला विकत घेतलं नव्हतं. चीअरलीडिंगच्या, म्हणजे सामन्यांत मनोरे रचून, घोषणा देऊन गर्दीला चेव आणणाऱ्या पोरींनी दोन उन्हाळे पेट्रोल पंपाच्या आवारात लोकांच्या गाड्या धुतल्या, तेव्हा आम्ही आलो. पहिल्या दिवशी सगळ्या जणी बूट काढून माझ्यावर लोळल्या होत्या. इतके लाड पुन्हा कधी झाले नाहीत.

आमच्या नशिबी व्यायामशाळा नव्हती. ती खेळांसाठी. बास्केटबॉल खेळ, व्हॉलीबॉल खेळ, कुस्ती खेळ. आमच्या पोरींचा मात्र 'उपक्रम'. बुद्धिबळवाले आणि बागकामवाले ज्या यादीत, त्याच यादीत या. म्हणून आम्हाला मिळालं होतं जुनं भोजनगृह. तिथं पहाटे पोर्क तळल्याचा वास आणि डोक्यावर हे एवढं बुटकं छत. रोज आम्हाला अंथरायचं आणि न्याहारीची घंटा व्हायच्या आत गुंडाळून ठेवायचं. वरच्या मुलीला उडवताना खालच्या मुली हात आखडता घ्यायच्या, नाहीतर तिचं डोकं दिव्यावर आपटलं असतं.

ती वरची म्हणजे ब्रिन. चिमणीएवढा जीव, तोंड मात्र अखंड चालू. आणि तिला झेलणारी केंड्रा स्टॅम्पर. रुंद खांद्यांची, कमी बोलणारी, खाणकामगाराची लेक. तिचे तळपाय मी झोपेतही ओळखले असते. इतर जणी माझ्यावर उभ्या राहायच्या, ही रुतायची.

"केंड्रा, आज पाडलंस तर भूत होऊन छळीन हं," ब्रिन तिच्या खांद्यावर चढता चढता म्हणायची.

"तू जिवंतपणी काय कमी छळतेस? सरळ उभी राहा."

दोन वर्षांत तिनं ब्रिनला एकदाही माझ्यापर्यंत येऊ दिलं नाही. तो त्यांचा नियमच होता. खालचीनं नाक फोडून घ्यावं, ओठ फोडून घ्यावा, पण वरची जमिनीला लागता कामा नये.

दुसरा नियम त्यांच्या प्रशिक्षक बाईंचा, मिस वांडा यांचा. दिवसा कॉलेजच्या टपालखिडकीवर बसणारी ही बाई या पोरींसाठी फुकट राबायची. "चेहरा पाडायचा नाही," ती म्हणायची. "पाय घसरला, चेहरा नाही घसरला. दुखलं, चेहऱ्याला नाही दुखलं. गर्दी तुमच्याकडे बघून धीर धरते, मुलींनो." मग आरशासमोर उभं करून हसायची तालीम घ्यायची. मला मेलीला त्याचं फार हसू यायचं. कारण सराव संपला की त्याच पोरी माझ्यावर पालथ्या पडून, तोंड खुपसून रडायच्या. हसू वरच्यांसाठी होतं, रडू माझ्यासाठी. मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

तर त्या वर्षी वांडानं अर्ज केला. चीअरलीडिंगला खेळ म्हणून मान्यता द्या. त्यात मानाचा भाग थोडा, गरजेचा फार. खेळ झाला की व्यायामशाळेचं उंच छत मिळणार होतं. विमा मिळणार होता. आणि खेळाडूंना बर्फ लावणारी, हाडं बघणारी फिजिओ गेल रॅट्लिफ सरावाला उभी राहणार होती. गेल शेजारच्याच इमारतीत बसायची, पण यादीत नाव नसलेल्याला हात लावायची तिला परवानगी नव्हती. केंड्राचं मनगट तेव्हाच अधूनमधून सुजायचं. ती त्यावर चक्क मोजा गुंडाळायची.

क्रीडा विभागाचे प्रमुख हॅस्केल साहेब आणखी दोघा अधिकाऱ्यांना घेऊन प्रात्यक्षिक बघायला येणार असं ठरलं. आणि त्या एका दुपारपुरती आम्हाला व्यायामशाळा मिळाली. आम्ही नऊ जणी त्या गुळगुळीत लाकडी जमिनीवर पसरलो, तेव्हा मी पहिल्यांदा वर पाहिलं. अहो, छत किती लांब! पोरींच्या डोळ्यांतही तेच. लाल लिपस्टिक लावलेल्या, केसांना मोठाल्या फिती बांधलेल्या, आणि माना वर करून बघतायत.

"आज दिवा नाही," ब्रिन पुटपुटली. "आज होऊ द्या पूर्ण."

आणि तिथंच चुकलं. दोन वर्षं बुटक्या छताखाली हात आखडून फेकलेल्या पोरी. त्यांची सगळी मोजणी त्या छताच्या मापाची. "पाच, सहा, सात, आठ," केंड्रा म्हणाली आणि तिघींनी मिळून जीव खाऊन ब्रिनला वर सोडलं. ती गेली, गेली, गेलीच. मोजणी संपली तरी ती अजून वरच होती. उतरताना तिरपी झाली. बाकीच्या दोघींनी हात पुढे केले होते तिथं ती नव्हतीच.

केंड्रानं स्वतःला आडवं फेकलं. ब्रिन आणि मी यांच्या मध्ये तिचा उजवा हात आला. ओली काडी मोडावी तसा आवाज झाला. तो फक्त मला ऐकू आला, कारण तो हात माझ्यावरच होता.

ब्रिन मला लागली नाही. नियम पाळला गेला.

शेवटचा मनोरा अजून बाकी होता. केंड्रा उठली. त्याच हातानं तिनं ब्रिनला पुन्हा खांद्यावर घेतलं. तिच्या पायाची बोटं बुटात घट्ट वळली होती. मी वर पाहिलं, तर बाईसाहेब दात दाखवून हसतायत. इतकं सुंदर हसू मी तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. मी ओरडायला हवं होतं. पण मॅटला कुठलं तोंड?

साहेबांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

"वा, फार गोड," ते म्हणाले. "बघून बरं वाटलं. पण राग मानू नका मिस वांडा, खेळ म्हटला की झुंज दिसायला हवी. कुठंतरी दुखायला हवं. या मुली तर पहिल्यापासून शेवटपर्यंत हसतच होत्या."

"हसायला मी शिकवते, साहेब."

"तेच म्हणतोय ना मी. छान शिकवलंय तुम्ही."

दार बंद झालं आणि केंड्रा माझ्यावर कोसळली. पालथी, तोंड उघडं, लाल लिपस्टिकसकट. ती माझ्यात ओरडली. अहो, काय ओरडली! तोंड गच्च दाबून, बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. तो हा डाग. नीट बघा, हसरा ओठ असा उमटत नाही.

वांडा गुडघ्यावर बसली. "हात दाखव."

"काही नाही, मिस वांडा."

"केंड्रा, हात दाखव म्हणते ना." आणि मग बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. "देवा. थांब, हॅस्केल अजून गाडीपाशी असतील. दाखवते त्यांना, दुखायला हवं म्हणत होते ना!"

"नको!" केंड्रानं डाव्या हातानं तिचा झगा धरला. "आपल्याला विमा नाही. यांना कळलं तर उचलायलाच बंदी घालतील. मग काय, जमिनीवर उभं राहून झिरमिळ्यांचे गोंडे हलवायचे? मी सांगते सगळ्यांना, वसतिगृहाच्या पायऱ्यांवरून घसरले."

"अगं पण..."

"पायऱ्यांवरून घसरले मी. तुम्हीही तेच म्हणायचं. ए ब्रिन, रडू नकोस, तुला काय झालंय?"

वांडा गप्प बसली. तिनं गप्प बसायला नको होतं. पण पोरींची दोन वर्षं तिच्या डोळ्यांसमोर असणार. गेल शंभर पावलांवर बसलेली, आणि ही पोर डाव्या हातानं स्वतः गाडी चालवत पुढच्या गावच्या दवाखान्यात गेली. हाड वाकडं जुळलं. ते तसंच राहिलं.

निकालाचं पत्र वांडानं आमच्या गुंडाळीवर बसूनच वाचलं. 'सदर उपक्रम मनोरंजक व कौतुकास्पद आहे, परंतु खेळ म्हणता येणार नाही. दुखापतींची कोणतीही नोंद आढळली नाही.' तिनं पत्राची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "मीच शिकवलं गं तिला हसायला," ती म्हणाली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, म्हणजे मलाच म्हणाली.

मग सगळं हळूहळू विस्कटलं. केंड्राचा हात वजन घेईना. तिच्याशिवाय ब्रिन कुणाच्या खांद्यावर चढेना, ती दुसऱ्या कॉलेजात निघून गेली. वांडा ओहायोत बहिणीकडे राहायला गेली. जाताना तिनं ओल्या फडक्यानं माझा डाग घासायला घेतला आणि मध्येच थांबली. आता सामन्यांच्या मध्यंतरात म्हणे नुसती गाणी लावतात.

माझ्या बहिणींचंही तेच. दोघी पाळणाघरात गेल्या, एकीचे तुकडे करून कचेरीत उभं राहणाऱ्यांच्या पायाखाली घातले, बाकीच्या ट्रकमध्ये चढल्या त्या कुठं गेल्या माहीत नाही. माझ्या दोन्ही कडांच्या चिकटपट्ट्या अजून शाबूत आहेत. त्यांना धरायला कुणी नाही. धूळ आणि केस तेवढे येऊन चिकटतात.

मला कुस्तीवाल्यांकडे दिलं. इथं मी नवीच गोष्ट शिकले. इथले पोरगे दुखलं की बोंबलतात. करंगळी पिरगळली तरी आख्खी इमारत डोक्यावर घेतात. आणि गेल पिशवी घेऊन धावत येते, बर्फ लावते, कागदावर लिहिते. "कुठं लागलं?" "मॅटवर." लिहिलं: मॅटवर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कसंसंच झालं. इतकं सोपं होतं हे?

परवाचीच गोष्ट. एका पोराचा खांदा दुखावला. गेल आली, आणि तिच्यामागून तिच्या हाताखाली शिकणारी एक मुलगी. ती माझ्यावर गुडघे टेकून बसली आणि ते रुतले. दोन वर्षांनी! तळपाय नव्हते, गुडघे होते, तरी ओळखलं मी. केंड्रा.

पोरगा मित्रांसमोर दात काढत होता. "काही नाही हो, ठीक आहे मी."

"हसू नकोस," केंड्रा म्हणाली, इतकी कडक की गेलनंही वळून पाहिलं. "कुठं दुखतंय ते सांग."

त्याला पट्टी बांधून पाठवलं. ती उठायला गेली आणि तिची नजर माझ्यावर पडली. माझ्यावर म्हणजे डागावर. ती पुन्हा खाली बसली. वाकड्या मनगटाचा हात तिनं त्या ओठाशेजारी ठेवला.

"काय गं, काय झालं?" गेलनं विचारलं.

"पायऱ्यांवरून नव्हते पडले मी," केंड्रा म्हणाली. "इथं पडले. या मॅटवर. तुम्ही भिंतीपलीकडे होतात."

गेलनं पाटीवर कोरा कागद लावला. "नाव, तारीख, जागा," ती एकेक विचारत गेली, केंड्रा सांगत गेली. 'खेळाचं नाव' आलं तेव्हा गेलचं पेन थांबलं. तिनं ते केंड्राच्या हातात दिलं. केंड्रानं डाव्या हातानं, पोरासोरांसारखं मोठं मोठं लिहिलं, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "चीअरलीडिंग." ती हसत नव्हती. तिच्या हनुवटीवरून पाणी माझ्यावर पडत होतं.

"लावू कुठं हा कागद?" गेल म्हणाली. "या नावाचा कप्पाच नाही माझ्याकडे."

शेवटी तो तिनं बर्फाच्या पिशवीतच ठेवला. पुढं त्याचं काय झालं, मला कुणी सांगितलेलं नाही. दोघी गेल्या, दिवे मालवले.

सुट्टी लागली की ही खोली रिकामी करणार आहेत म्हणे. तेव्हा एकच विनंती. अमुक एक खेळ आहे की नाही, हे ठरवायला पुन्हा कुणी साहेब आले, तर त्यांना खुर्ची देऊ नका. कोट काढून त्यांना माझ्यावर उताणं निजवा. वर कुणीतरी पोर हवेत असू द्या आणि तिच्या खाली हात पसरून उभ्या असलेल्या दुसरीचे पाय त्यांच्या कानाशी. मोजणी संपेपर्यंत तेवढं पडून राहा म्हणावं.

मी काही बोलणार नाही. मी नुसती त्यांच्या पाठीखाली असेन.