सहावा प्रश्न

"काकू, शेवटचं समीकरण वाचा ना परत," क्षिप्रा म्हणाली.

नेरुळच्या एका कॉलेजातली लॅब. टेबलाच्या एका बाजूला मी, समोर क्षिप्रा आणि दाराशी खुर्ची टाकून बसलेले पर्यवेक्षक इंद्रजित सर. क्षिप्रा जन्मापासून आंधळी. ती तोंडी सांगते, मी लिहिते. मी तिची लेखनिक. पेपर एम.एस्सी.चा, विषय स्ट्रिंग थिअरी. म्हणजे काय ते मला विचारू नका. मी बी.कॉम., तुर्भ्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं बाहेर जाणाऱ्या टपालाची नोंद ठेवलेली बाई. लेखनिकाला विषय येत नसावा असा नियमच आहे, त्यामुळे माझ्याइतकी लायक बाई अख्ख्या उलव्यात मिळायची नाही.

मी कागदाकडे बघितलं. उजवीकडचं दिसलं. डावीकडे, समासाजवळ काय लिहिलं होतं ते काही केल्या सापडेना. मग मी काय केलं? कागदावरून वाचलंच नाही. दोन मिनिटांपूर्वी तिनं सांगितलेलं कानात होतं, तेच घडाघडा म्हणून टाकलं. "एम स्क्वेअर इज इक्वल टू, एन बाय आर, त्याचा स्क्वेअर, प्लस..."

"परफेक्ट," ती खूश होऊन म्हणाली. "पुढे घ्या."

पुढे घेतलं.

तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं, काचबिंदू आहे. बाजूचं दिसणं चाललंय. गेलेलं परत येत नाही, उरलेलं जपायचं. मी ड्रॉप्स पर्समध्ये तळाशी दडवले आणि नवऱ्याला, नंदकिशोरना, सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. बोलले तर खरं होईल, असं वाटत होतं. शहाण्या बाईनं असं वागावं का? पण भीती वाटली की शहाणपण कुठे सुचतं.

आणि क्षिप्राला काय सांगणार? आमच्याच बिल्डिंगमधली पोर. दोन वर्षांत तिचे अकरा पेपर मी लिहिले. रिटायर झाल्यावर मला कोणी काही विचारेना, तेव्हा हिनं बेल वाजवली होती. साठ टक्के पडले तर तिला पीएच.डी.च्या मुलाखतीला बोलावणार होते. विश्वाला दहा मिती असतात, त्यातल्या सहा इतक्या बारीक की कुणालाच दिसत नाहीत, हे तिनं मला एकदा लिफ्टमध्ये सांगितलं. मी म्हटलं, "बाई गं, न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास कसा ठेवायचा?" तर हसून म्हणते, "तुमाला तीन दिसतात, म्हणून बाकीच्यांचं टेन्शन. मला तर त्या तीनपण दिसत नाहीत."

पाचवा प्रश्न संपला. घड्याळात चाळीस मिनिटं उरली होती. राहिला सहावा, तिचा लाडका: विश्वाच्या आरंभाआधी काय होतं? पानांना नंबर घालावेत म्हणून मी मागची पानं उलटली. मान पूर्ण वळवून बघितलं तेव्हा कळलं. ते समीकरण आणि त्यापुढचं सगळं उत्तर मी ओळींवर ओळी चढवून लिहिलं होतं. दोन पानं नुसता गिचमिड काला. परीक्षक काय, ब्रह्मदेव आला तरी वाचू शकला नसता. चौदा मार्कांचा पाचवा प्रश्न.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं? क्षिप्राला तर कधीच नाही. शून्य पडलं असतं आणि ती जन्मभर म्हणत राहिली असती, माझंच काहीतरी चुकलं असेल. ते मात्र मला सोसवेना.

"क्षिप्रा, थांब. माझ्याकडून घोळ झालाय."

"मॅडम, बोलायचं नाही. फक्त लिहायचं," इंद्रजित सर उठले.

"लिहिलेल्याचंच सांगतेय, सर. वाचता येणार नाही असं लिहिलंय मी. मघाशी वाचून दाखवलं ना, ते कागदावरचं नव्हतं गं. पाठ होतं, ते म्हटलं. मला डावीकडचं दिसत नाही."

क्षिप्राचा चेहरा पांढरा पडला होता.

"किती वेळ आहे?"

"अडतीस मिनिटं."

"खोडा ते. नवीन पान घ्या." तिनं हात पुढे केला. "माझं बोट समासावर ठेवा. ओळ संपली की ते मी खाली सरकवते. पेन बोटाला लागलं की तिथून सुरू करायचं."

सर परत खुर्चीत जाऊन बसले. ती सांगत होती, बोट सरकवत होती आणि मी घाबऱ्या घाबऱ्या तिचं नख शोधून ओळ धरत होते. बेल झाली तेव्हा पाचवा पुन्हा लिहून झाला होता. सहाव्याचा आकडासुद्धा टाकला नव्हता.

बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलो. मी विचारलं, "सहाव्यात काय लिहिणार होतीस?"

"लोकांना वाटतं, आधी सगळा अंधार होता. पण अंधारपण नव्हता, काकू. अंधाराला जागा लागते. ती जागाच नव्हती." ती माझ्याकडे वळली. "तुमाला डावीकडे काळं दिसतं का?"

"नाही गं. काहीच नसतं. भिंत संपते, आणि ती संपलीय हेसुद्धा कळत नाही."

"हां," ती हळूच म्हणाली. "हेच लिहायचं होतं मला."

मला रडूच फुटलं. "मला फार भीती वाटते, क्षिप्रा."

"त्यातलं मला नाही सांगता येणार, काकू. माझं कधी गेलंच नाही ना." तिनं माझा हात घट्ट धरला. खोटा धीर दिला नाही, ते बरं केलं.

इंद्रजित सर कोरा कागद घेऊन आले. गुरुवारच्या पेपरला दुसरा लेखनिक हवा तर अर्ज लागेल, कारणासकट. क्षिप्रा पटकन म्हणाली, "लिहा, लेखनिक गावाला गेल्यात."

मी कागद मांडीवर घेतला आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं: लेखनिकाला काचबिंदू झाला आहे, नीट दिसत नाही. तिची सही घेतली, खाली माझी केली आणि अर्ज सरांच्या हातात दिला.

"सर, याची झेरॉक्स काढून शिक्का मारून द्या," मी म्हटलं. "घरी दाखवायचीय."