बेचाळीस चोपड्या आणि पेंग्विन

पंचवटीतल्या ढुंढिराज उपाध्यांचा कॉम्प्युटर सुरू झाला की गल्लीतली माणसं आभाळाकडे बघत. ओझरचं विमान आज इतक्या खालून कसं चाललंय, म्हणून. सुरू व्हायला त्याला इतका वेळ लागे की ढुंढिराज बटण दाबून गंगेवर जात, स्नानसंध्या उरकत, एका यजमानाचं श्राद्ध लावून घरी येत, तरी पडद्यावरचं वर्तुळ आपलं फिरतंच.

पण त्या खोक्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. त्यात बेचाळीस चोपड्या होत्या.

चोपड्या म्हणजे नामावळी. नाशिकला क्रियाकर्माला आलेला माणूस आपलं, बापाचं, आज्याचं नाव आपल्या उपाध्यांकडे नोंदवून जातो. शंभर वर्षांनी त्याचा पणतू येतो, तेव्हा त्याच्या घरात कुणालाच ठाऊक नसलेलं नाव उपाध्ये त्याला वाचून दाखवतात. उपाध्यांची इस्टेट ती हीच. आणि ढुंढिराजांच्या इस्टेटीत अर्धा वाटा होता चुलतभावाचा, शौनकचा.

सगळी मेख इथं होती. बारा वर्षांपूर्वी शौनकने वाटणीचा विषय काढला. ढुंढिराज "बघू" म्हणाले, आणि सातपूरच्या अमोलकडून नामावळीचा प्रोग्रॅम लिहून घेतला. मग चार वर्षं बसून दोन बोटांनी बेचाळीस चोपड्या टाइप केल्या. त्या दोन बोटांची पेरं अशी झिजली की आधार कार्डाच्या यंत्राला ती बोटंच वाटेनात. शेवटचं पान झालं त्या अमावास्येला त्यांनी सगळ्या चोपड्यांना हळदकुंकू वाहिलं आणि त्या गंगेला दिल्या. जीर्ण पोथीची जागा गंगेत, हा रिवाजच आहे. त्याला कोण नाव ठेवणार? त्यातल्या तीस चोपड्यांना अजून शंभर वर्षं धाड भरणार नव्हती, हे फक्त त्या दोघा भावांना माहीत होतं.

"आता घे वाटा," ते शौनकला म्हणाले. "घाल पाण्यात हात."

शौनकने पाण्यात हात घातला नाही. बोलणंही टाकलं नाही. ढुंढिराजांना तेच जास्त झोंबलं.

पुढे अमोल करोनात गेला. प्रोग्रॅम चालत राहिला, खोकं मात्र थकलं. बंगळूरहून मुलगा, यशोधन, व्हिडिओ कॉलवर मागे लागला.

"बाबा, तुमच्या विंडोजला आता कुणी वाली नाही. अपडेट बंद झालेत. एखादा व्हायरस आला की संपलं."

"मग नवी विंडोज टाक."

"हे खोकं ती घेणारच नाही. आजोबांना मल्लखांबावर चढवण्यासारखं आहे ते. लिनक्स टाकू. हलकं आहे, पळेल. आणि फुकट आहे."

"फुकट म्हणजे कुणाचा तरी वाटा मारलेला दिसतोय," आतून लतिकाबाई म्हणाल्या. बायको असून त्या शौनकच्या बाजूने बोलत, आणि नेमकं नवऱ्याला ऐकू जाईल इतपतच बोलत.

"पण अमोलचा प्रोग्रॅम त्यात चालेल का रे?"

"बहुतेक नाही. पण नावं मी दुसरीकडे उतरवून देईन. फक्त आधी सगळं पेन ड्राइव्हवर काढून घ्या."

ढुंढिराज महिनाभर घोळत राहिले. जुनं ठेवावं तर व्हायरसची धास्ती. नवं घ्यावं तर सवयीची बटणं जाणार. सकाळी विंडोज, संध्याकाळी लिनक्स. नवससुद्धा त्यांनी दोन देवांना वेगवेगळे बोलून ठेवले.

निकाल लागला तो घाटावर. शौनक दर्भ सोडवत बसला होता.

"दादा, वहिनी सांगत होत्या. माझं ऐका, हात लावू नका. इंटरनेटची वायर काढून टाका आणि चालतंय तोवर चालू द्या. आणि सगळं एकदा कागदावर छापून ठेवा."

"का? छापलेल्याची वाटणी करता येते, म्हणून?"

"नावं राहतील म्हणून, दादा."

शौनक म्हणतो जुनं ठेवा. म्हणजे झालंच की! दुपारीच ढुंढिराजांनी बंगळूरला फोन लावला. "टाक तुझं लिनक्स."

यशोधनने कुरिअरने लिनक्सची पेन ड्राइव्ह पाठवली, सोबत एक कोरी. ढुंढिराजांनी पडद्यावरचं 'नामावळी' लिहिलेलं चित्र माउसने उचललं आणि कोऱ्या पेन ड्राइव्हवर नेऊन सोडलं. लतिकाबाईंनी चहा गाळायच्या आत काम फत्ते. बेचाळीस चोपड्या आणि नखाएवढी जागा! ढुंढिराजांना भारी कौतुक वाटलं.

"बाबा, उघडून बघितलंत ना?" यशोधनने विचारलं.

"घनपाठी ब्राह्मणाला विचारतोस संथा पाठ झाली का म्हणून?"

मग लिनक्सची पेन ड्राइव्ह लावल्यावर पडद्यावर प्रश्न आला : डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं? ढुंढिराजांनी विष्णूचं स्मरण केलं आणि 'हो' दाबलं.

अर्ध्या तासात खोकं विशीत आलं. आवाज नाही, घरघर नाही, पडद्यावर लिनक्सचा गुबगुबीत पेंग्विन. नामावळीची पेन ड्राइव्ह लावली. आत एकच फाइल होती, एक केबीची. शॉर्टकट, म्हणजे नामावळीकडे नेणारी नुसती पाटी. ज्या घराची पाटी, ते घरच पुसून टाकलेलं.

फोनवर यशोधनने ती फाइल तीनदा उघडायला लावली. लतिकाबाईंनी कप उचलला. "चोपड्यांना निदान हळदकुंकू तरी मिळालं होतं," म्हणाल्या.

ही गोष्ट त्या तिघांतच राहिली. आठवड्याने चांदवडहून बहिरू आला, बापाच्या वर्षश्राद्धाला. ओट्यावर टेकला.

"देवा, बाप दगडू, आजा भिका. पणज्याचं नाव कोनालाच ठावं नाय बघा. तुमच्याकडं लिव्हलेलं हाय म्हनत व्हता बाप. तेवढं काढा. उपाशी नको राहायला म्हातारा."

ढुंढिराज पेंग्विनपुढे बसले. इकडे दाबलं, तिकडे दाबलं. मान डोलावली. "हं. सापडलं. तुकाराम."

शेजारच्या ओट्यावर शौनक होता. तो उठून जवळ आला, हळूच म्हणाला, "दादा, गेणू. त्या पानावर तुम्ही शाई सांडली होतीत, आठवतंय? आप्पा आजोबांनी शिक्षा म्हणून आपल्या दोघांकडून ते पान शंभरदा म्हणवून घेतलं होतं. दगडू भिका, भिका गेणू."

आठवलं. शाईचा वाससुद्धा आठवला. नुसतं 'हो रे' म्हणायचं होतं. पण मग शौनकने विचारलं असतं, कॉम्प्युटरात दुसरं कसं? आणि मग सगळंच उघडं पडलं असतं.

"कॉम्प्युटरात तुकाराम आहे," ढुंढिराज म्हणाले. "तुझी आठवण मोठी की यंत्र?"

शौनकने पडद्याकडे बघितलं, मग भावाकडे. त्याला काय ते कळलं. पंचा खांद्यावर टाकून निघून गेला.

"मशिनमदी हाय म्हंजी खरंच आसंल," बहिरूने हात जोडले. "लय उपकार झाले, देवा."

त्या दुपारी रामकुंडावर बहिरूने कधी जन्मालाच न आलेल्या माणसाला पोटभर पाणी पाजलं. आणि गेणू, म्हणतात, पलीकडच्या पायरीवर ओंजळ धरून तसाच उभा राहिला.

घरी येऊन ढुंढिराजांनी नवी नामावळी उघडली. पहिली नोंद केली : चांदवड, बहिरू दगडू, दगडू भिका, भिका तुकाराम. सेव्ह केली. पेन ड्राइव्हवर काढली. या वेळी मात्र उघडून, दोनदा वाचून तपासली. अक्षर न् अक्षर बरोबर होतं.