उगमाचा तांब्या

कान्ह नदीच्या काठाने धावायचं असेल तर नाक घरी ठेवून निघावं. मी ते बरोबर नेलं, ही माझी पहिली चूक. बाबांनाही बरोबर नेलं, ही दुसरी.

हा सगळा उद्योग देवांशचा. देवांश म्हणजे आमच्या मल्हारगंजातल्या धावणाऱ्यांच्या ग्रुपचा म्होरक्या. पायापेक्षा त्याचा मोबाईल जास्त धावतो. त्याने पोस्टर काढलं, ‘सोर्स टू सी रन’. मी विचारलं, “अरे, इंदूरला समुद्र कुठून आणलास?”

“ताई, कान्ह क्षिप्रेत, क्षिप्रा चंबलमध्ये, चंबल यमुनेत, यमुना गंगेत. टेक्निकली सी ही हुआ ना! आपण क्षिप्रेच्या संगमापर्यंत पळायचं, पुढचं पाणी बघून घेईल.”

पोस्टरवर फोटो बाबांचा. सत्तरी ओलांडली तरी रोज सकाळी धावणारे श्रीहरीकाका. लहानपणी ते कृष्णपुऱ्याच्या छत्रीपाशी, म्हणजे राजघराण्याच्या समाधीजवळच्या घाटावर, याच नदीत पोहायला शिकले, आणि हे त्यांनी इंदुरात कुणाला सांगायचं बाकी ठेवलेलं नाही. पण गेल्या पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली आणि आम्ही सगळे हबकलो. डॉक्टरांनी बजावलं होतं, उकळलेल्या पाण्याशिवाय एक घोट नाही. पुन्हा झाली तर निभणार नाही. आईने त्यांना सोडलं ते माझ्या जबाबदारीवर. “धड परत आण,” एवढंच म्हणाली.

उगम म्हणजे शहराबाहेर टेकडीच्या पायथ्याशी, एका शेताच्या बांधाखाली पाझरणारा झरा. बाबांनी घरून देवाजवळचा तांब्या आणला होता, त्यात ते पाणी भरलं आणि तोंडाला फडकं बांधलं. आळीपाळीने एकेका टोळीने तो घेऊन धावायचं, बाकीच्यांनी बसमधून पुढे जायचं आणि शेवटी ते पाणी संगमात सोडायचं, असा बेत. बाबांनी झऱ्याखाली ओंजळ धरली. मी मनगट पकडलं.

“ऋजू, झऱ्याचं आहे गं.”

“बाबा, नाही.”

त्यांनी ते पाणी डोळ्यांना लावलं आणि बसमध्ये जाऊन रुसून बसले.

पहिले काही किलोमीटर बरे गेले. मग शहर लागलं आणि नदी संपली. म्हणजे कागदावर होती. प्रत्यक्षात काळं, चिकट असं काहीतरी दोन भिंतींमधून सरकत होतं. वर बुडबुडे फुटत होते. घरांच्या मागच्या बाजूंनी पाइप बाहेर आलेले, त्यांतून काय पडत होतं ते सांगायला नको. निर्माल्याच्या प्लास्टिक पिशव्या, डायपर, थर्माकोलचं अर्धं मखर. एक फुगलेलं डुक्कर कडेला लागलेलं. आणि भिंतीवर रंगीत चित्रं: कमळं, मोर, स्वच्छतेची घोषणा. त्या मोरापुढे थांबून आमची मंडळी सेल्फी काढत होती. फोटोत मोर यायचा, खालची नदी यायची नाही, कॅमेरा तेवढाच वर धरायचा. मला शिसारी आली. नदीची आली त्याहून जास्त या लोकांची आली.

कृष्णपुऱ्याच्या छत्रीपाशी तांब्या पलककडे होता. पलक भंवरकुआं भागात परीक्षेचा क्लास लावून राहणारी मुलगी, पहिल्यांदाच आलेली. तिथला वास तिच्या पोटात गेला आणि ती घाटाच्या पायरीवरच ओकली. तांब्या गडगडत गेला. उगमाचं पाणी पायऱ्यांवर सांडलं.

“माझ्याकडे बाटली आहे, त्यातलं भर,” मी देवांशला म्हटलं.

“बॉटलचं? ती तो चीटिंग झाली ना, ताई!” असं म्हणून त्या प्रामाणिक माणसाने हातात रबरी मोजे चढवले, खाली उतरला आणि तांब्या त्या काळ्या पाण्यात बुडवला. वर येऊन फडकं पुन्हा बांधताना त्याला स्वतःलाच ओकारी येत होती. “टेन्शन मत लो. नदीचंच पाणी नदीत टाकायचंय.”

आमच्या देवाजवळचा तांब्या! त्याला तिथेच ढकलून द्यावंसं वाटलं. पण बाबा बसमधून पुढे गेले होते. पाणी संगमात ओतलं जाणारच होतं, मग त्यांना कशाला सांगायचं, म्हणून मी गप्प बसले.

संगमावर मांडव होता, हार होते, प्रमुख पाहुणे होते, पूजेला गुरुजी होते. शेवटचा टप्पा बाबांनी पळून काढला, तांब्या छातीशी धरून. टाळ्या झाल्या. तांब्या गुरुजींच्या हाती देऊन धापा टाकत ते मंचावरच्या शेवटच्या खुर्चीत बसले. मी खाली बुटाची नाडी सोडत होते, तेवढ्यात माइकवरून देवांशचा आवाज आला, “आता गुरुजी सगळ्यांना उगमाचं तीर्थ देतील. मग विसर्जन.”

मी वर पाहिलं. गुरुजी पळी घेऊन रांगेतून सरकत होते. पाहुण्यांनी तळहात ओठांजवळ नेला आणि ओठ न लावताच केसांवर पुसला. देवांशने तसंच केलं. बाकीच्यांनीही तसंच. राहिले बाबा. आमच्या घरात तीर्थाला कुणी नाही म्हणत नाही. बाबा तर तापातही उठून बसून तीर्थ घेतात. त्यांनी डाव्या हातावर उजवा हात ठेवला, तळवा खोलगट केला, डोळे मिटले.

दिवसभरात मी सर्वांत जोरात धावले ती तेव्हा.

“बाबा, पिऊ नका!”

“अगं, उगमाचं आहे. तुझ्यासमोरच भरलं ना सकाळी?”

“ते सांडलं, बाबा. हे छत्रीखालचं आहे. तुम्ही पोहायचात तिथलं.”

बाबांनी डोळे उघडून तळहाताकडे पाहिलं. पाणी करडं होतं, त्यात काहीतरी तरंगत होतं.

“तू घेतलंस का रे?” त्यांनी देवांशला विचारलं.

“काका, डोक्याला लावलं ना.”

बाबांनी रांगेवरून नजर फिरवली. सगळ्यांचे केस ओले होते, ओठ सगळ्यांचे कोरडे. सांडल्याचं त्यांतल्या निम्म्यांना माहीतही नव्हतं. उगमाचं असतं तरी ते प्यायले नसते. नदीवर विश्वास ठेवणारा त्या मांडवात एकच माणूस होता, आणि त्याचाही विश्वास मी आत्ताच मोडला होता.

बाबांनी तळहात उलटा केला. पाणी मंचावरच्या गालिच्यावर पडलं. नेहमीच्या सवयीने हात डोक्याकडे निघाला आणि मध्येच थांबला.

“सॅनिटायझर आहे का कुणाकडे?” त्यांनी हळूच विचारलं.

मांडवभर चेनी उघडल्याचे आवाज झाले. एकदम दहा-बारा बाटल्या पुढे आल्या.

बाबांना मी धड परत आणलं. इंदूर येईपर्यंत तो उजवा हात त्यांनी अंगापासून लांब धरून ठेवला होता.