नळी नसलेले पिस्तूल

मित्रांनो, मी एक जुने पिस्तूल आहे. पण घाबरू नका. माझ्यातून आजवर एकही गोळी सुटलेली नाही. नॉर्वेतल्या कोंग्सबर्ग गावच्या संग्रहालयात मी काचेआड पडून असतो. मी पोलादाचा. ऊब, थंडी, कौतुक, हेटाळणी यांतले फारसे काही माझ्या आतपर्यंत पोचत नाही. म्हणून जे झाले तेवढेच सांगतो.

आमच्या घराण्याचा मूळ आराखडा अमेरिकेतला. इथल्या कारखान्याने रीतसर परवानगी घेऊन आम्हाला घडवले आणि बाजूची खिट्टी थोडी लांब केली, म्हणजे ती अंगठ्याला सहज सापडावी. दर्दी माणसे आम्हाला त्या खिट्टीवरूनच ओळखतात. पुढे जर्मन फौजा देशात आल्या आणि कारखाना त्यांच्या ताब्यात गेला. तेव्हा घडलेल्या काही भावंडांच्या अंगावर गरुडाचा शिक्का उमटला. तिसरी जात आमची, डब्यातल्या पिस्तुलांची. नंबर ठोकण्याआधीच कामगार आमचे सुटे भाग उचलत, जेवणाच्या डब्यात पावाखाली दडवत आणि फाटकाबाहेर काढून घरी जुळवत. जर्मनांशी लपूनछपून लढणाऱ्यांना ती पिस्तुले जात.

मला तोर्गेर आणि स्वेरे या दोन कामगारांनी बाहेर काढले. दोघे एकाच बाकावर काम करत. तोर्गेर घाबरट होता. स्वेरे शीळ घालत काम करायचा. एका दिवशी एकानेच काही न्यायचे, दुसऱ्याचा डबा रिकामा ठेवायचा, असे त्यांचे ठरले होते. आधी माझा चाप गेला, मग घोडा, मग सांगाडा, मग वरचा सरकता भाग. तोर्गेरच्या तळघरात, बटाट्यांच्या कणगीमागे, एका लोकरी मोज्यात मी जमा होत गेलो. शेवटी फक्त नळी उरली.

नळी न्यायची त्या दिवशी मी तळघरात होतो. पुढचे मला तोर्गेरकडून कळले. बटाटे काढायला आला की तो मोज्याशी बोलायचा. दुसरे कुणी ऐकणारे त्याला नव्हते.

त्या दिवशी पाळी तोर्गेरची होती. पण सुटीची घंटा व्हायच्या आधी स्वेरे म्हणाला, "तुझे हात बघ कसे थरथरतायत. तू फाटकापर्यंतसुद्धा पोचायचा नाहीस. आण इकडे, आज मी नेतो."

फाटकावर झडती होती. स्वेरे पुढे, तोर्गेर त्याच्या मागे. पहारेकऱ्याने स्वेरेचा डबा उघडला, पाव उचलला आणि खाली नळी होती. मग त्याने तोर्गेरचा डबा उघडला. तो रिकामा होता. स्वेरेला घेऊन गेले. जाताना त्याने मागे वळून पाहिले नाही. कुणाचे नावही घेतले नाही. जर्मनीतल्या एका छावणीत तो त्याच हिवाळ्यात मेला.

लढाई संपल्यावर तोर्गेर स्वेरेच्या घरी गेला. स्वेरेची बहीण बोर्गहिल दारात आली.

"झडती होणार हे तुला आधीच माहीत होतं का? तुझाच डबा त्या दिवशी रिकामा कसा?" तिने विचारले.

तो उभा राहिला. त्याला बोलता आले नाही. तिने दार लावून घेतले. मग गावाने ठरवले, की चुगली यानेच केली. तोर्गेर घरी येऊन मोज्याला म्हणाला, "नळी नसलेलं पिस्तूल दाखवून काय सांगू? पाळी माझी होती, असं?" त्यानंतर त्याने मोज्याला गाठ मारली. गावात इतरांची डब्यातली पिस्तुले भिंतीवर चढली, त्यांची छायाचित्रे छापून आली. मी कणगीमागे पडून राहिलो. मला वाईट वाटले का? आठवत नाही.

तोर्गेर म्हातारा होऊन वारला. आणखी काही वर्षांनी त्याच्या मुलीने, गुन्वोरने, घर विकायला काढले आणि तळघर आवरताना मी तिला सापडलो. शाळेत असताना हिच्या शेजारी कुणी बसत नसे, हे मला तोर्गेरने सांगितले होते. आता तिचे केस पांढरे झाले होते. त्या वर्षी सरकारने सवलत दिली होती: विनानोंदीचे हत्यार पोलिसांकडे आणून द्या, कुणी काही विचारणार नाही. तिथून आम्ही भट्टीत जाणार होतो. पण तिचा शेजारी रोल्व पिस्तुलांचा वेडा. तो म्हणाला, "बये, वितळवायच्या आधी निदान आम्हाला बघू तरी दे!"

शनिवारी नेमबाजीच्या क्लबात दर्दी मंडळी जमली. टेबलावर वॉफल, जॅम, कॉफी आणि मधोमध माझी दोन भावंडे.

"बघ माझं गरुडवालं," रोल्व म्हणाला. "अशी किती उरलीत सांग!"

"शिक्क्यावरच मिरव तू," समोरचा आयविन म्हणाला. "अंगावर कानशीचे ओरखडे बघ. घाईत उरकलेलं काम. माझं साधंच आहे, पण हात फिरवून बघ, लोणी आहे लोणी."

"जळतोस लेका."

"तुझ्या गरुडावर? तो तर कोंबडीसारखा दिसतोय."

सगळे हसले. गुन्वोर हसली नाही. आयविन हा बोर्गहिलचा मुलगा, स्वेरेचा भाचा. तिला पाहून त्याने मानही हलवली नव्हती. तिने मोजा टेबलावर ठेवला.

रोल्वने मला बाहेर काढले, उलटे केले, सुलटे केले. "नंबर नाही," तो हळूच म्हणाला. "आयविन, कुठेच नंबर नाही. डब्यातलं आहे रे हे!" मग त्याने माझा वरचा भाग मागे ओढला आणि त्याचा चेहरा उतरला. "हात्तिच्या. आत पोकळ. नळीच नाही की!"

त्याने पिशवीत हात घातला. "हरकत नाही. माझ्याकडे त्याच काळातली नळी आहे. आत्ता बसवतो. मग याच्या तोडीचं अख्ख्या जिल्ह्यात सापडायचं नाही."

"बसव नाहीतर फेकून दे," गुन्वोर म्हणाली. "सोमवारी जायचंच आहे ते."

"थांब," आयविन म्हणाला. त्याने नळी धरलेला रोल्वचा हात खाली दाबला. मग गुन्वोरकडे न बघता विचारले, "हे तोर्गेरचं?"

"बाबांचं."

"माझ्या मामाच्या डब्यात नळी सापडली होती. नुसती नळी."

वॉफलच्या तव्याचा चरचर आवाज येत होता.

"नुसती नळी कुणी कशाला चोरेल?" आयविन म्हणाला. "बाकीचं सगळं आधीच कुणाच्या तरी घरी पोचलं असणार. जोडीदाराच्या. मग तो चुगली कशाला करेल?" त्याने मला उचलून आत डोकावून पाहिले. "अर्थात, खात्रीनं नाही सांगता येणार मला."

"मी खात्री मागितली का तुमच्याकडे?" गुन्वोर म्हणाली. मोज्याची घडी घालत ती म्हणाली, "तुमची आई रस्त्यात दिसली, की बाबा वळसा घालून जायचे."

"आई पण वळसाच घालायची."

रोल्वने ती नळी परत पिशवीत ठेवली. पाळी कुणाची होती, हे मात्र त्यांना कळले नाही. ते मी सांगू शकत नव्हतो.

रविवारी दोघे मला घेऊन वृद्धाश्रमात गेले. बोर्गहिल खिडकीशी बसली होती. आयविनने तिच्या मांडीवर मला ठेवले आणि सगळे सांगितले, सावकाश, दोनदा. तिने माझ्या पुढच्या रिकाम्या भोकात करंगळी घातली आणि तशीच ठेवली.

"मग त्यानं येऊन सांगायचं होतं," ती म्हणाली.

"आले होते ते, आई. तूच सांगायचीस ना, दारात येऊन उभा राहिला म्हणून."

तिने करंगळी बाहेर काढली.

"बोलला असता, तर मी ऐकलं असतं का रे?" तिने विचारले.

गुन्वोरने तिच्या कपात कॉफी ओतली, साखरेचा खडा जवळ सरकवला आणि तिच्याशेजारी बसली.

मी पोलिसांकडे गेलो नाही; रीतसर कागदपत्रे होऊन या संग्रहालयात आलो. मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपणे सोपे असते. थोडे तेल, कोरडे फडके, एवढ्यावर भागते. माणसांचे तसे नसते. तुमच्या आळीत कुणी एखादा असेल, ज्याच्याबद्दल सगळ्यांना सगळे माहीत आहे आणि ज्याच्याशी कुणी बोलत नाही, तर तो आहे तोवर त्याच्याकडे जा. काय झाले होते, ते त्याला विचारा. तो सांगेल किंवा सांगणार नाही.

तोर्गेर आणखी जवळजवळ पन्नास वर्षे जगला. त्याला कुणी विचारले नाही.