शून्य वारा मला मान्य नाही

मित्रांनो, मी लोखंडाचा एक जुना पत्रा आहे. वहीच्या पानाहून थोडा मोठा, वजन आठशे ग्रॅम. मला भंगार म्हणणाऱ्यांनी आधी मान वर करून पाहावे. मंगोलियातल्या एका लहान गावाच्या हवामान ठाण्यात, दहा मीटर उंच खांबावर मी अजून लटकतो आहे.

माझे काम सोपे आहे. वारा ढकलतो, मी उचलला जातो. शेजारच्या कमानीवर आठ खुंट्या आहेत. मी कितव्या खुंटीपर्यंत पोहोचलो ते खालून पाहायचे आणि वेग लिहायचा. माझ्याखालचा बाण वारा येतो तिकडे तोंड करतो. दोन खुंट्यांच्या मधले मला नेमके सांगता येत नाही, हेही कबूल करतो.

पन्नास वर्षांपूर्वी मी लोकरीच्या गाठोड्यांवर बसून ट्रकने इथे आलो. तेव्हा कळप घेऊन निघणारा प्रत्येक मेंढपाळ आधी माझ्याकडे पाही. ठाण्याची निरीक्षक हांदाताई सव्वीस वर्षे दर तीन तासांनी माझी नोंद घेते. दर शरदात ती माझ्या बिजागरीला मार्मोटची, म्हणजे इथल्या बिळांत राहणाऱ्या जाड्या खारीची, चरबी लावते, कारण ती थंडीत गोठत नाही.

दोन वर्षांपूर्वी अंगणात नवे यंत्र आले. तीन फिरत्या वाट्या, एक तार, आकडे थेट प्रांताच्या कचेरीत. साऱ्या प्रदेशाचा अंदाज तिथेच बनू लागला. यंत्र बसवणारा तरुण अधिकारी म्हणाला, "हांदाताई, हा पत्रा आता उतरवा."

"राहू दे रे. तुझ्या यंत्राला एकटं वाटेल."

त्यानंतर तिच्याशिवाय कोणी वर पाहीनासे झाले.

मग यंदाच्या वसंतातला तो वादळी आठवडा आला. अंदाज होता: वायव्येचा वारा, हिमवर्षाव, बुधवारी दुपारनंतर शांत. बुधवारी सकाळी वारा मंद होता. एकाहत्तर वर्षांचे बादराखकाका तीनशे मेंढ्या आणि नवी कोकरे घेऊन चारायला गेले. अकरा वाजता वारा एकदम फिरला आणि ईशान्येकडून तुटून पडला. ओला बर्फ वाट्यांवर गोठला. वाट्या थांबल्या. माझ्यावरही बर्फ बसला, पण मी इतका आपटत होतो की तो तडकून पडला.

प्रांतातून त्याच अधिकाऱ्याचा फोन आला. हांदाताई खांबाखालीच उभी होती.

"ताई, तुमच्याकडे वारा थांबला ना? वादळाचा इशारा मागे घेतो."

"थांबला? माझी टोपी आत्ता शेजाऱ्याच्या कुंपणात गेली!"

"यंत्र शून्य दाखवतंय."

"मग यंत्राला विचार, टोपी कुठंय. पत्रा सहाव्या खुंटीच्या वर आहे. इशारा काढलास तर तुझ्या आईला फोन करीन!"

इशारा राहिला. पण काका परतले नव्हते. चार वाजता त्यांची बायको सेवजिदकाकू घोड्यावरून आली. हिमवादळात मेंढ्या वाऱ्याला पाठ देऊन चालत सुटतात आणि इथला मेंढपाळ कळप सोडत नाही. म्हणजे वारा नेईल तिकडे माणूस.

गावातल्या चौघांनी मोटारसायकली सुरू केल्या. हांदाताई वही घेऊन आडवी आली.

"कुठं निघालात?"

"आग्नेयेला. फोनवरच्या अंदाजात वायव्येचा वारा आहे."

"तो अंदाज कालचा! ही अकराची नोंद बघा. ईशान्येचा वारा. कळप नैर्ऋत्येला गेलाय. पाच तास झाले, तासाला दोन किलोमीटर धरा."

"ताई, तुझा पत्रा माझ्यापेक्षा म्हातारा आहे."

"म्हणूनच तो फोन बघून वळत नाही!"

सेवजिदकाकूने डोळ्यांवरचा बर्फ पुसला आणि वर पाहिले. मी जीव तोडून उचलला गेलो होतो, बाण थरथरत होता. तिने घोडा नैर्ऋत्येला वळवला. मोटारसायकली तिच्यामागे निघाल्या.

पुढचे मी खांबाखालच्या गप्पांत ऐकले. नऊ किलोमीटरवर, कोरड्या ओढ्याच्या काठाखाली, मेंढ्यांच्या गराड्यात काका बसले होते. दोन बोटे गोठलेली, एकेचाळीस कोकरे मेलेली.

"इतका वेळ?" बायकोला पाहताच ते म्हणाले. "चहा तरी आणलास का?"

वादळ ओसरल्यावर तो अधिकारी आला. त्याने वाट्यांवरचा बर्फ फोडला, मग मान वर करून माझ्याकडे पाहिले. "ताई, याला आपण प्रांताच्या संग्रहालयात ठेवू. काचेच्या कपाटात."

मित्रांनो, तो मान मला नको. काचेच्या आत वारा नसतो. नव्या यंत्राशी माझे भांडण नाही. एरवी ते माझ्याहून बारीक मोजते. मला वर्षातून एकदा बिजागरीला बोटभर चरबी हवी, आणि दर तीन तासांनी दार उघडून बाहेर येणारे एक माणूस हवे. एवढे करा. बाकी कितीही वादळे येऊ देत, मी इथून हलणार नाही.

काल बादराखकाका इथून गेले. घोडा थांबवून, पट्टी बांधलेला हात उंचावून ओरडले, "काय म्हाताऱ्या, आज किती?"

तिसरी खुंटी, काका. कळप न्यायला हरकत नाही.