पाठमोरी खुर्ची

मानसिंगनं फळा दुसऱ्यांदा पुसला. खरं तर तो पहिल्यांदाच स्वच्छ झाला होता. साताऱ्यात नव्यानं निघालेल्या कॉलेजात इतिहासाची एकच जागा होती आणि तिच्यासाठी प्रत्येक उमेदवारानं निवड समितीसमोर मुलांना एक तास शिकवून दाखवायचं होतं. जागा हुकली तर कराडजवळचं गाव आणि ऊस वाट पाहतच होते. निघताना वडलांनी बजावलं होतं, "एम्मे झालास, लय झालं. न्हाई जमलं तर सरळ पानी पाजायला ये."

विषय होता रयतवारी, म्हणजे इंग्रजांची थेट शेतकऱ्याकडून सारा घेण्याची पद्धत. आठ दिवस घोकलेलं इंग्रजी सुरळीत बाहेर पडू लागलं. समितीतले एक कोटवाले गृहस्थ मान डोलवत होते. मानसिंगचं लक्ष मात्र तिसऱ्या बाकाकडं गेलं. तिथल्या मुलाचा टाक थांबला होता आणि डोळे खिडकीबाहेर होते.

मानसिंगला एकदम सांगलीचा वर्ग आठवला. तिथं एम.ए. करताना तो फेलो होता, म्हणजे स्वतः शिकायचं आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचं. शिकवायचं कसं, ते शिकवायला मुल्लासर. त्यांची तऱ्हाच न्यारी. फळ्याशेजारी खुर्ची टाकायची, शिकवणाऱ्याकडं पाठ करायची आणि मुलांकडं तोंड करून बसायचं. डाव्या खिशात खडूचे तुकडे. त्यातला एखादा मधूनच उजव्या खिशात जायचा. तास संपला की सर खडू मोजत, "आज अकरा," म्हणत आणि चालू लागत. अकरा वेळा मुलांचं लक्ष उडालं, वर्ग हातून सुटला, असा त्याचा अर्थ. काही विचारायला जावं तर, "चिठ्ठीवर लिही." मुलांच्या शंकाही चिठ्ठीवरच.

तेव्हा मानसिंगला फार राग यायचा. आपल्या तोंडाकडं बघण्याचीही यांना गरज वाटत नाही, असं वाटायचं. दोन वर्षांत आकडा अकराचा तीन झाला. त्याखाली काही तो गेला नाही.

आता त्यानं हातातला कागद टेबलावर पालथा घातला.

"तुमच्या घरात सारा कोण भरतं?" त्यानं मराठीत विचारलं.

कोटवाल्यांची मान डोलायची थांबली. कॉलेजात मराठीतून शिकवायचं म्हणजे धोतर नेसून कवायत करण्यासारखंच होतं. तिसऱ्या बाकावरचा मुलगा मात्र सावरून बसला.

"आज्जा भरतोय, सर."

मग आज्ज्यापासून सुरुवात करून मानसिंग रयतवारीपर्यंत गेला. तास कधी संपला, ते त्यालाही कळलं नाही.

चार दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन तो सांगलीला गेला. सर त्याच वर्षी निवृत्त झाले होते. अंगणात पेरूच्या झाडाखाली, फाटकाकडं पाठ करून बसले होते.

"सर, मला नोकरी मिळाली."

सर हलले नाहीत. मानसिंगनं पुन्हा सांगितलं. अजून तीच जुनी खोड, असं वाटून तो थोडा खट्टू झाला. तेवढ्यात सरांच्या पत्नी, अख्तरबी, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"फुडं जाऊन बोल, बाळा. त्यास्नी ऐकू येत न्हाई. चार वर्सं झाली. कालेजात कुनाला कळू दिलं न्हाई. आता काय लपवायचं?"

चार वर्षं. आणि तो फेलो झाला त्याला जेमतेम तीन. म्हणजे त्याच्या शिकवण्यातला एक शब्दही सरांच्या कानावर पडला नव्हता. सर मोजत होते ते फक्त मुलांच्या चेहऱ्यांवरून. इतकी वर्षं मनात धरलेल्या रागाची त्याला लाज वाटली.

खुर्चीला वळसा घालून तो समोर उभा राहिला. सर त्याच्या तोंडाकडं बघत राहिले, वर्गाकडं बघायचे तसे. पेढ्यांचा पुडा अजून त्याच्या पाठीमागंच होता.

"मिळाली म्हण की," सर म्हणाले.

त्यानं मान हलवली. सरांनी सदऱ्याच्या उजव्या खिशात हात घातला आणि खिसा उलटा करून त्याला दाखवला. तो रिकामा होता.